निरोप झालेला माणूस

"ते 'जगातल्या मोजक्या' काढ आधी. मी मोजक्यांत नाहीये. काढ म्हणते ना!"

माझी बायको ओरडत होती. अशी ओरडत होती की गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवरची कबुतरं उडाली ती थेट धरणापलीकडे जाऊन बसली आणि आठवडाभर परत आली नाहीत. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मिक्सर बंद केला. या काकू राष्ट्रगीत लागलं तरी मिक्सर बंद करत नाहीत. पण आमच्या घरातून बाईचा आवाज येतोय, पुरुषाचा नाही, हे त्यांच्यासाठी ग्रहणाइतकंच दुर्मीळ होतं. काकूंना वाटलं असेल, काहीतरी बाहेरचं प्रकरण सापडलं. त्यांना काय ठाऊक, की वरच्या मजल्यावर एक नवरा बायकोची स्तुती केल्याबद्दल बोलणी खातोय.

तर आधी ही बाई कोण ते सांगतो. माझी बायको द्राक्षांच्या रोगांची शास्त्रज्ञ. द्राक्षावर डावणी नावाचा रोग येतो. आज पानावर तेलाचा डाग दिसतो आणि पाऊस-धुकं असलं तर चार दिवसांत बाग भाजल्यासारखी होते. त्या भीतीने आपले बागायतदार औषधं मारत सुटतात, दिसलं पान की मार फवारा. बायकोने आयुष्याची उमेदीची वर्षं एकाच गोष्टीत घातली: पान किती वेळ ओलं राहिलं की रोग धरतो, आणि कधी धरत नाही. त्यावरून ती शेतकऱ्यांच्या मोबाइलवर निरोप पाठवायची, आज फवारा, उद्या नको. दिंडोरी-निफाडकडे माणसं पंचांग न बघता तिचा निरोप बघून घराबाहेर पडायची, असं मी सांगतो. ती म्हणते, काही माणसं, कधीकधी.

हाच आमच्या संसारातला फरक.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने तिला बोलावलं. तिथे जायचं तर साधा कामाचा व्हिसा सोडतीवर चालतो, नंबर लागला तर लागला. पण वकील म्हणाला, तुमच्यासारख्यांसाठी वेगळा दरवाजा आहे, असाधारण माणसांचा. तुम्ही असाधारण आहात एवढं फक्त सिद्ध करायचं. जगभरातल्या जाणकारांची पत्रं लागतील, आणि रीत अशी की कच्चा मजकूर आपणच करून द्यायचा, मग ती मोठी माणसं आपल्या परीने फिरवून सही करतात.

बायकोने कच्चा मजकूर केला. व्हिडिओ कॉलवर वकिलाला वाचून दाखवला. "अर्जदाराच्या कामातून, काही मर्यादित परिस्थितीत, उपयुक्त ठरू शकतील असे निष्कर्ष निघाल्याचे दिसते." वकील मूळचा आपल्याच इकडचा. त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, मॅडम, एवढ्यावर तुम्हाला कुणी नाशिकरोडचंही तिकीट देणार नाही.

आणि त्याच घरात, तिच्यापासून दोन हातांवर, शेंगदाणे खात कोण बसला होता? मी. व्यवसायाने सूत्रसंचालक. सत्कार, सेवापूर्ती, एकसष्टी, दुकानाचं उद्घाटन, साखरपुडा, काहीही असो, माइक माझ्या हातात. माझ्या तोंडून पतसंस्थेचा संचालक 'सहकाराचा हिमालय' होऊन बाहेर पडलाय. निवृत्त होणाऱ्या एका तलाठ्याची मी अशी ओळख करून दिली की तो बिचारा रडत बायकोला विचारू लागला, हे कुणाबद्दल बोलतायत? मी या जिल्ह्यात इतक्या लोकांना 'अजातशत्रू' केलंय की शत्रू ही जातच इथून नामशेष झाली असावी.

मी शेंगदाणे खाली ठेवले आणि म्हणालो, दे इकडे.

मग आमची रोजची घासाघीस सुरू झाली. मी मराठीत लिहायचो, ती इंग्रजी करायची आणि करता करता छाटायची. मी 'अद्वितीय' म्हणालो की ती 'उल्लेखनीय'वर यायची. मी 'क्रांती' म्हणालो की ती 'बदल'. भाजीबाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी बायका जशा दोन पावलं पुढे जाऊन परत येतात तशी ती स्वयंपाकघरात जायची आणि परत येऊन म्हणायची, 'थोडा बदल'. 'जगातल्या मोजक्या' हा त्यातला शेवटचा किल्ला. त्यावर ती ओरडली. मी म्हणालो, वकिलाला विचार. वकील माझ्या बाजूने. तिने त्यालाही विचारलं, पुरावा काय?

मग पुरावा तिनेच शोधला. या एका रोगाचं पानावरच्या ओलीवरून गणित मांडणारे जगात कोण कोण आहेत, हे तिने दोन दिवस बसून पाहिलं. संध्याकाळी बाल्कनीत येऊन उभी राहिली आणि चोरी कबूल करावी तशा आवाजात म्हणाली, "मोजक्या राहू दे."

मी जिंकलो. आयुष्यात या बाईसमोर पहिल्यांदा माझं एक विशेषण शाबूत राहिलं. आणि त्याच क्षणी ते जिंकणं नकोसं झालं. कारण पत्र जेवढं चांगलं होणार, तेवढी ही लवकर जाणार. हजारो माणसांना मी मोठं केलं, ती सगळी कार्यक्रम संपला की आपापल्या मापाची होऊन घरी जायची. हिला मोठं करत होतो आणि ही खरंच त्या मापाची निघत होती.

माझं काय, हा प्रश्न सुरुवातीलाच येऊन गेला होता. वकील म्हणाला, नवरा सोबत राहू शकतो, पण काम करू शकत नाही. मी लगेच गडगडलो. म्हणालो, मी तिकडे येऊन करू काय? दळणाच्या पिशवीसारखा कोपऱ्यात बसू? माझी जीभ मराठीवर चालते, तिकडे ती गंजून पडेल, मग विमानतळावर धातू म्हणून वाजेल. बायकोने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

आता हे बघा. आपल्याकडे पंगतीत कुणी पहिल्या वाढीला 'घाला' म्हणतो का? पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा ताटावर आडवा हात धरायचा, तिसऱ्यांदा त्या हाताच्या फटीतून जिलबी पडू द्यायची. एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. मी आडवा हात धरून बसलो होतो. पण शास्त्रज्ञाला 'नको' म्हणजे नको. तिने नोंद घेतली आणि वाढपी पुढे निघून गेला.

तिच्या अर्जाला मंजुरी आली. ती येते न येते तोच दिंडोरीकडच्या बागायतदारांच्या मंडळाच्या सचिवांचा मला फोन. "सर, रविवार मोकळा हाय का? एका म्याडमचा सत्कार करायचाय. लय मोठ्या हायेत. परदेशी चालल्यात. माहिती पाठवतो तुम्हाला, तेवढं जरा तुमच्या भाषेत फुलवून बोला."

माहिती आली. मीच लिहिलेली. मंडळानेही तिला एक पत्र दिलं होतं, त्यातलीच वाक्यं फिरून माझ्याकडे आली होती. मॅडमचे यजमान म्हणजे मीच, हे त्यांना माहीत नव्हतं. तिचं आडनाव माहेरचं, आणि मला तर जिल्हाभर नुसतं 'सर' म्हणतात. मीही सांगितलं नाही. गंमत करायचा मोह माझ्याने कधी आवरलाय?

रविवारी मंगल कार्यालय गच्च. मंचामागे एवढा मोठा फ्लेक्स, त्यावर बायकोचा फोटो, तिच्या डोक्यावरून उडणारं विमान आणि विमानापेक्षा मोठा द्राक्षांचा घड. बायको पाहुण्यांसोबत आली, मंचावर मला माइकपाशी पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मी ओळख करून दिली. आवाज असा लागला होता की शेजारच्या गावात लोकांनी टीव्ही बंद केले असतील. 'जगातल्या मोजक्या' म्हणालो तेव्हा मागच्या रांगेतले म्हातारे उठून उभे राहिले. एकजण ओरडून म्हणाला, म्याडमनी सांगितलं नाय फवारायचं, आम्ही नाय फवारलं, बाग जशीच्या तशी हाय. टाळ्या थांबेनात.

शाल झाली, नारळ झाला. तेवढ्यात अध्यक्ष माझ्या कानाशी लागले. "सर, यजमानांना बी बोलवा वर. जोडीनं करायचाय सत्कार. फेटा आणलाय."

आता जोडीदाराला मंचावर बोलवायचं तर त्याचा एक गुण सांगावा लागतो, ही माझ्या धंद्यातली रीत. नुसतं नाव घेऊन बोलावलं की माणूस उघडा वाटतो. बायको असेल तर 'सावलीसारखी उभी', नवरा असेल तर 'खंबीर साथ'. पण इथे यजमान मीच. माझा गुण काय सांगू? माइक हातात, सभागृह गप्प, आणि मला स्वतःचा एक गुण सापडेना. गप्प राहणं तर धंद्यात महापाप. मी तोंड उघडलं आणि तोंडाने आपलं काम केलं.

"मॅडमच्या पाठीशी सह्याद्रीसारखे उभे असलेले, त्यांच्यासाठी आपला भरभराटीला आलेला व्यवसाय सोडून, त्यांच्यासोबत परदेशी निघालेले त्यांचे यजमान, मी विनंती करतो, त्यांनी मंचावर यावं."

मग माइक स्टँडला अडकवला आणि मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो. क्षणभर कुणाला काही कळेना. मग पुढच्या रांगेतून आवाज आला, "आयला, हे तर आपलं सरच." छत उडायचं तेवढं बाकी राहिलं. शिट्ट्या, हशा, एकाने तर टोपी फेकली ती पंख्यावर जाऊन फिरायला लागली. फेटा बांधताना मी तिच्याकडे पाहिलं. ती लोकांकडे पाहून हसत होती, माझ्याकडे नाही.

घरी येताना गाडी तीच चालवत होती. म्हसरूळ मागे पडलं. मग म्हणाली, "तू येतोयस हे मला माइकवरून कळलं."

"अगं, ओघात आलं ते."

"म्हणजे येत नाहीयेस."

हा खरं तर माझ्या दृष्टीने दुसरा आग्रह होता. आडवा हात थोडा सैल करायची हीच वेळ. मी म्हणालो, बघू. तिने गिअर बदलला. सिग्नल हिरवा झाला आणि विषय संपला.

ती गेली. विमानतळावरचं वर्णन मी करणार नाही, तिथे माझा माइक बंद होता. एवढंच सांगतो की जाताना ती म्हणाली, तुला यावंसं वाटलं तर सांग, तुझा अर्ज वेगळा करता येईल. आणि ट्रॉली ढकलत आत गेली. तिला मागे वळून बघायची सवय नाही, लग्नाच्या वरातीतही नव्हती.

पण माझी खरी कहाणी इथून सुरू होते. मंगल कार्यालयात मी जे बोललो ते जिल्हाभर झालं. सर चालले. आपले सर अमेरिकेला चालले. मग लागला निरोपांचा सपाटा. सिन्नरला कामगार मंडळाने निरोप दिला. येवल्याला पैठणीच्या काठाची शाल पांघरली. आमच्या सोसायटीने भेळ केली. नाही कसं म्हणायचं? समोरून शाल येत असताना अंग मागे घेणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय. प्रत्येक ठिकाणी सूत्रसंचालन अर्थातच दुसराच कुणीतरी करत होता, आणि तो माझ्याबद्दल भूतकाळात बोलत होता. सरांचा आवाज या जिल्ह्याने ऐकला. सरांनी आम्हाला हसवलं. मी खुर्चीत बसून ऐकत होतो, शालीखाली घाम फुटत होता, आणि वाटत होतं की आता फक्त उदबत्ती लावायची राहिलीय.

आणि मग फोन बंद झाला.

गेलेल्या माणसाला कार्यक्रमाला कोण बोलावणार? लग्नसराई आली, गेली. पुढाऱ्यांचे वाढदिवस आले, तेही कुणीतरी साजरे केले. माझ्या फोनवर फक्त कर्ज हवं का विचारणाऱ्या मुली बोलायच्या, आणि मी त्यांना सोडायचो नाही. एकीशी मी इतका वेळ बोललो की शेवटी तिनेच फोन ठेवला.

रस्त्यावर निघालो की एकच प्रश्न. अजून इथेच? सुरुवातीला मी सांगायचो, विमान चुकलं. मग, वैमानिकाला कावीळ झाली. मग सांगायला लागलो की मी जाऊन आलो, कागदपत्रांसाठी थोडे दिवस आलोय. हे सगळ्यांना पटलं. एकदा भाजीच्या हातगाडीपाशी ओळखीचे एक गृहस्थ भेटले. विचारलं, तिकडे थंडी कशी आहे हो? हातात मेथीची जुडी, डोक्यावर एप्रिलचं ऊन, आणि मी बर्फ पाडायला सुरुवात केली. दार उघडावं तर बर्फाची भिंत. बोललेला शब्द ओठांवरच गोठतो, तो घरात नेऊन शेगडीवर धरायचा, मग ऐकू येतो. ते गृहस्थ ऐकता ऐकता शर्टाचं वरचं बटण लावू लागले. मी घरी आलो, मेथी ओट्यावर ठेवली, आणि मला खरोखर थंडी वाजत होती.

बायकोचा फोन यायचा. तिची सकाळ, माझी संध्याकाळ. ती दोन वाक्यं सांगायची. प्रयोगशाळा चांगली आहे. इथल्या द्राक्षांना वास वेगळा आहे. मग मी अर्धा तास माझ्या न झालेल्या कार्यक्रमांचं वर्णन करायचो, कोण किती हसलं, कुणी डोळे पुसले. फोन ठेवला की घर अवघडून बसायचं. जेवायला बसलो की ताटलीचा आवाज दोन खोल्या फिरून परत यायचा. एका दुपारी माझं मलाच ऐकू आलं: मी स्वयंपाकघरात उभा राहून कुकरची ओळख करून देत होतो. गेली कित्येक वर्षं या कुटुंबाची भूक ज्याने समर्थपणे पेलली. कुकरने शिट्टी दिली. तेवढाच प्रतिसाद.

मग एका संध्याकाळी तिचा फोन आला तो नेहमीसारखा नव्हता. दिंडोरीच्या सचिवांनी तिला हा रोग कुठला, भुरी की डावणी, म्हणून पानाचा फोटो पाठवला होता आणि बोलता बोलता विचारलं होतं, सर काय म्हणतात, करमतं का तिकडे? इकडे तर तुम्ही दोघं गेल्यापासून आम्हाला माइकवर माणूस मिळेना.

"त्यांना वाटतंय तू इथे आहेस," बायको म्हणाली. "तुझे कार्यक्रम बंद आहेत ना?"

मी एक किस्सा सुरू केला. येवल्याचा होता, चांगला होता. तिच्याकडे मागे कुठेतरी दार आपटल्याचा आवाज आला, कुणी इंग्रजीत हसलं, आणि मला कळलं की ती बाहेर पायरीवर बसून माझा फोन घेते. रोज. थंडीत. कारण आत प्रयोगशाळेत बोललं तर बाकीच्यांना त्रास होतो. हे तिने कधी सांगितलं नव्हतं, तिला ते सांगण्यासारखं वाटलं नसणार. माझा किस्सा अर्ध्यातच थांबला. असं याआधी एकदाच झालं होतं, वीज गेली तेव्हा.

ती म्हणाली, "मी जेवताना रेडिओ लावते. मला बातम्या नको असतात, कुणीतरी बोलत असावं म्हणून."

शास्त्रज्ञाचा आग्रह हा असा असतो. वाढलेलं दिसतच नाही. मी म्हणालो, माझा अर्ज कर.

आता व्हिसा मिळाला की नाही याची हुरहूर लावून ठेवायची मला लय आवड, पण या वेळी आधीच सांगून टाकतो: मिळाला. पासपोर्ट कुरिअरने आलाय, टीव्हीखालच्या खणात आहे. ही शेवटची गोष्ट त्याआधीची, मुंबईची.

अमेरिकेच्या वकिलातीतल्या मुलाखतीसाठी मी भाषण तयार केलं होतं. अशी तयारी मी मुख्यमंत्र्यांच्या कार्यक्रमालाही केली नव्हती. रांगेत माझ्या पुढे एक नवी नवरी होती, तिचा हातभर चुडा वाजत होता, तिला मी धीर दिला. खरं तर स्वतःला देत होतो. खिडकीपाशी गेलो. काचेपलीकडे एक तरुण गोरा अधिकारी आणि त्याच्या शेजारी मराठी समजावून सांगणारी एक बाई, आपल्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारखी.

अधिकाऱ्याने विचारलं, तुमची पत्नी काय काम करते?

मी श्वास भरला. डावणी सांगितली, पानावरची ओल सांगितली, दव सांगितलं, दिंडोरीचे म्हातारे उभे राहिले ते सांगितलं. जगातल्या मोजक्या म्हणालो तेव्हा शेजारच्या खिडकीवरचा माणूस वळून बघायला लागला. आवाज काचेवर आपटून माझ्याकडेच येत होता, तरी मी थांबलो नाही. हे पहिलं भाषण असं होतं की ज्यात मी एक शब्दही फुगवला नव्हता, आणि मला ते कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. बोलून झालं. त्या बाईंनी चष्मा वर केला आणि अधिकाऱ्याला इंग्रजीत चार शब्द सांगितले. द्राक्षांच्या रोगांचा अभ्यास करतात.

तो मान हलवून टाइप करू लागला. मग माझ्याकडे न बघता त्याने पुढचा प्रश्न विचारला आणि बाईंनी तो मराठीत केला. तुम्ही इथे कार्यक्रमांमध्ये बोलण्याचं काम करता असं लिहिलंय. तिकडे गेल्यावर तुम्ही काय करणार?

उत्तर माझ्याकडे तयार होतं. चांगलं लांबलचक होतं, सुरुवातीला एक विनोद होता. बाई वाट बघत होत्या. अधिकाऱ्याची बोटं टाइप करायच्या तयारीत थांबली होती. काचेच्या खालच्या फटीतून पलीकडची गार हवा माझ्या मनगटावर येत होती.

"काही नाही," मी म्हणालो.